सगळ्यांचं पीठ

पावसानं उसंत दिली नव्हती. सरोवराकडून ढग यायचे, टेकडीला टेकायचे आणि तिथंच रिते व्हायचे. खडकांवर वाळत घातलेला कसावा बायकांनी इतक्यांदा आत नेला आणि बाहेर काढला, की शेवटी त्याला काळे ठिपके पडले. मग तो चुलीवरच्या माळ्यावर गेला, खाटेखाली गेला, वाशांना टांगलेल्या टोपल्यांत गेला. साऱ्या चिवांगा गावाला त्या ओल्या, आंबूस मुळांचा वास येत होता.

तिवोंगे उजाडताच शाळेत आली. शाळा म्हणजे चर्चच्या मागची बांबूच्या कुडाची झोपडी. रात्री छप्पर पुन्हा गळलं होतं आणि मुलांच्या चटया भिजल्या होत्या. तिनं चटया कुडावर टाकल्या, साचलेलं पाणी खराट्यानं बाहेर ढकललं. मागं जाऊन संडासाच्या खड्ड्याची कड अजून किती ढासळली ते पाहिलं आणि त्याच्यापुढं काटेरी फांदी आडवी घातली. मग ती चुलीपाशी बसून फुंकत राहिली. ओल्या लाकडांना नुसता धूर सुटत होता.

"मावशी, आहेस का गेलीस धुरात?" बाहेरून एनेस ओरडली.

"गेले असते तर धूर कुणी केला असता? पाणी आण आधी."

एनेस ही शाळेतली दुसरी बाई. पूर्वी तिघी होत्या. तिसरी रबराच्या मळ्यावर चीक काढायला गेली, कारण तिथं दिवस भरला की हातावर काहीतरी पडायचं. इथं नाताळाला साबणाची एक वडी मिळे आणि वर्षभर लोकांची बोलणी. "पोरं सांभाळायला शाळा कशाला लागते?" असं बायका विचारायच्या, आणि पेरणीच्या दिवसांत त्याच बायका शेंबडं पोर दारात सोडून मागं न बघता शेताकडं पळायच्या.

मुलं येऊ लागली. प्रत्येकाच्या हातात पानानं झाकलेली वाटी. दाराशी पत्र्याचा उंच डबा होता. त्याच्या झाकणाला हात जाईल एवढं भोक पाडलेलं. पोरानं यायचं, वाटी भोकात उपडी करायची आणि आत जाऊन बसायचं. हा डबा तिवोंगेनंच आणवला होता. आधी पीठ उघड्या टोपलीत घेत. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या आया म्हणायच्या, हिनं कोंडाच पाठवला, हिची वाटी अर्धीच. मग अर्ध्या वाटीवाली पोरं यायची बंद झाली. डबा आल्यापासून कुणाचं किती आणि कसं, कुणालाच कळत नव्हतं. काही पोरं रिकामी वाटी भोकात घालून झटकायची. तिवोंगेला नुसत्या आवाजावरून ते कळायचं. ती दुसरीकडं बघायची.

न्यालोंग्वे आपल्या पोराला, यांकोला, काखेत मारून आली. अंगानं धिप्पाड, आवाजानं त्याहून मोठी. "मावशी, काल याला गाणं शिकवलंस म्हणे. रात्रभर गात होता. आज जरा गप्प बसायचं शिकव."

"ते तुलाच जमलं नाही, याला कुठून शिकवू?"

न्यालोंग्वे हसत हसत गेली. तिच्यामागून डोरिका आली. ती ओढ्यापलीकडं एकटी राहायची. नवरा दक्षिणेला खाणीत गेलेला, घरी दोन मोठी पोरं आणि ही धाकटी लुसुंगू. डोरिकाचं लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं.

"हिला पेज पाजून लगेच नेते," ती म्हणाली. "ओढा चढतोय. दुपारी अडकले तर पोर इथं आणि मी तिथं."

"थांब तर मग. होतच आली."

पेज मुलांना वाढण्याआधी पहिला डाव बाईनं स्वतः खायचा, ही इथली रीत. तिवोंगेनं डाव तोंडाला लावला. जिभेच्या मुळाशी काहीतरी बारीकसं कडवट लागलं. तिनं दुसरा घोट घेतला.

"एनेस, चाखून बघ."

एनेसनं बोट बुडवून चाटलं. "धुराची चव आहे. आता सगळ्यांचाच कसावा चुलीवर वाळतोय, मावशी. गोड कुठून लागणार?"

तिवोंगे डाव हातात धरून उभी राहिली. इथला कसावा कडूच. रानडुकरं खात नाहीत, चोर उपटत नाहीत, म्हणून तो लावायचा. पण जमिनीतून काढला की सोलून पाण्यात घालायचा आणि दाबल्यावर अंगठा आत रुतेपर्यंत पाण्यातून काढायचा नाही. मग त्यातलं विष पाण्यासोबत जातं. हे इथल्या पोरीला कुणी शिकवत नाही, ती बघत बघत मोठी होते.

चटईवर मुलांनी पेले आपटायला सुरुवात केली होती. तिची नात वेझी सगळ्यांत जोरात आपटत होती. रात्री कित्येक घरांत नीट चूल पेटली नव्हती, हे तिवोंगेला ठाऊक होतं. तिनं टोपलीतली पिकून काळी पडलेली केळी काढली, सोलली आणि पेजेत कुस्करली. पुन्हा चाखलं. कडवटपणा गेला होता.

"वाढ," ती म्हणाली.

डोरिकानं लुसुंगूला मांडीवर घेऊन पेज पाजली, पेला बोटानं पुसून बोट तिच्या तोंडात घातलं, तिला पाठीशी बांधलं आणि ती ओढ्याकडं निघून गेली.

पाऊस थोडा थांबला होता. तिवोंगेनं मुलांना अंगणात गोल उभं केलं. हात धरून फिरायचं, टाळी वाजली की खाली बसायचं. टाळी वाजली, सगळी बसली. पुन्हा टाळी वाजली, सगळी उठली. यांको उठला नाही.

"ऊठ रे. आळशी."

तो दोन्ही हात जमिनीला टेकून उठायला गेला आणि एका कुशीवर कलंडला. मुलं हसली. मग तो ओकला. केळ्याचे काळे दोरे असलेली पेज त्याच्या नाकातोंडातून आली.

"डोकं फिरतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

एनेसची पोरगी तेम्वा भिंतीला धरून चालत होती. भिंत संपली तशी ती खाली बसली. आणखी एक ओकलं, मग आणखी दोघं. वेझी आजीकडं आली, तिच्या गुडघ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, झोप आली." तिचे हात थंड होते.

तिवोंगेच्या स्वतःच्या कपाळावर घाम आला होता. पायातली ताकद कुणीतरी हळूहळू काढून घेतंय असं वाटत होतं. ती लहान असताना एका उपाशी वर्षी शेजारच्या घरात असंच झालं होतं. आधी ओकाऱ्या, मग चक्कर. पुढं त्या घरातली थोरली मुलगी एका सकाळी उठली तर तिचे पाय ताठ झालेले. ती जन्मभर चवड्यांवर, काठी टेकत चालली. तिचा धाकटा भाऊ तर उठलाच नाही.

"पाणी," तिवोंगे ओरडली. "एनेस, सगळ्यांना पाणी पाज. झोपू देऊ नकोस. वेझी, डोळे उघड. उघड म्हणते ना!"

"काय झालं गं मावशी? काय झालं?"

"पीठ. कुणाच्यातरी घरचं अर्धं भिजलेलं."

 एनेस तेम्वाकडं धावली.

तिवोंगेनं मुलं मोजली. पडलेली, बसलेली, रडणारी. एक कमी भरलं. पुन्हा मोजली. मग तिच्या लक्षात आलं, लुसुंगू पलीकडं गेली. ओढ्याचा आवाज आता शाळेपर्यंत येत होता, दगड घरंगळल्यासारखा. ती तशीच काठापर्यंत पळत गेली. ओलांडायचे खडक पाण्याखाली गेले होते. तिनं तोंडाशी हात धरून हाका मारल्या. पलीकडची केळीची पानं हलत होती, बाकी काही नाही.

परत येताना तिचा नवरा जायरोस किनाऱ्यावर होडी ओढताना दिसला. जाळं रिकामंच होतं. तिनं त्याला काही सांगायच्या आधी तोच म्हणाला, "कुणी मेलंय का?"

"अजून नाही. तुमची होडी फिरवा. दोघांना दवाखान्यात न्यायचंय."

यांको आणि तेम्वा दोघांच्याही माना टिकत नव्हत्या. एनेस त्यांना मांडीवर घेऊन होडीत बसली. ती रडत नव्हती, नुसती दातांवर दात आपटत होती. जायरोसनं वल्हं उचललं आणि बायकोकडं बघितलं.

"तू पण खाल्लंस?"

"पहिला घोट माझाच."

"मग बस होडीत."

"एक पोर पलीकडं आहे. जाताना ओढ्याच्या तोंडाशी होडी घालता येईल का?"

त्यानं तिकडं बघितलं. ओढा सरोवराला मिळत होता तिथं तांबडं पाणी उसळत होतं आणि त्यात आख्खं झाड गोल फिरत होतं. "घातली तर ही दोन्ही पण जातील," तो म्हणाला आणि होडी लोटली.

गावात बातमी कशी पोचते ते कुणी सांगू शकत नाही, पण थोड्याच वेळात शेतांतून बायका पळत आल्या. चिखलानं माखलेले पाय, हातांत अजून कुदळी. प्रत्येकीनं आपलं पोर उचललं, हुंगलं, हलवलं. जिचं पोर ओकत होतं ती ओरडत होती आणि जिचं बरं होतं ती त्याहून जोरात ओरडत होती. न्यालोंग्वेला यांको दिसला नाही.

"माझं पोर कुठाय?"

"दवाखान्यात नेलंय. एनेस आहे सोबत."

"काय घातलंस त्याला?" तिनं तिवोंगेच्या दंडाला धरून हिसडा दिला. "बोल, काय घातलंस?"

"जे तुम्ही दिलं तेच. तुमचंच सगळ्यांचं पीठ. त्यात कुणाचंतरी कच्चं होतं. अंगठा रुतायच्या आधी काढलेलं."

 एक मूल तेवढं कण्हत होतं.

"माझं नव्हतं," एक म्हणाली.

"माझं तर गेल्या उन्हाळ्यातलं आहे."

"माझ्या सासूनं भिजवलं, तिला विचारा."

"तूच तो डबा आणलास," न्यालोंग्वे म्हणाली. "टोपली होती तेव्हा कुणाचं पीठ कसलं, सगळ्यांना दिसायचं. तुला लोकांची अब्रू झाकायची होती. घे आता झाकून."

तिवोंगेनं दाराशी ठेवलेल्या डब्याकडं बघितलं. न्यालोंग्वे खोटं बोलत नव्हती.

गावप्रमुख म्होनेबाबा काठी टेकत आले. त्यांना आंब्याच्या झाडाखाली स्टूल आणून दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्या घरचं पीठ होतं त्या घरानं आत्ता सांगावं. नाहीतर मी शोधून काढीन. शेळी घेईन, आणि रविवारी चर्चपुढं उभं करीन."

बायकांनी माना खाली घातल्या.  तिवोंगे पुढं होऊन हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही असं म्हणालात तर कुणी तोंड उघडायचं नाही."

"मग काय हार घालू?"

"बाबा, इथं पोरांनी एकेक पेला खाल्ला, तोही चांगल्या पिठात मिसळलेला. त्या घरात परात भरून तेच पीठ आहे. संध्याकाळी त्याची घट्ट उकड होईल. ती पोरं पोटभर खातील. तिन्हीसांजेच्या आत ते घर सापडलं पाहिजे."

म्होनेबाबांनी काठी जमिनीवर आपटली. "म्हणूनच म्हणतो, सांगावं," ते म्हणाले.

कुणीच सांगितलं नाही. बायका आपापली पोरं घेऊन घरी गेल्या. बरीचशी पोरं आता पाणी पिऊन शुद्धीवर येत होती, चिडचिड करत होती. वेझी तिवोंगेच्या पाठीवर होती. तिचा श्वास मानेला लागत होता. तो थांबला की तिवोंगे मागं हात नेऊन तिला चिमटा काढायची, आणि पोर कुरकुरलं की पुढं चालायची.

ती दारोदार गेली. "चिमूटभर पीठ दे, जिभेला लावून बघते," एवढंच म्हणायची. पहिल्या घरात दिलं. ठीक लागलं. दुसऱ्या घरात कडू लागलं. तिसऱ्यातही कडू लागलं. मग ती आपल्याच घरी गेली. कोरड्या दिवसांत दळून मडक्यात ठेवलेलं पीठ काढलं. तेही कडूच. सकाळपासून तोंडात तीच चव बसली होती आणि जीभ सुन्न झाली होती. तिनं मीठ लावून बघितलं, राख घासली, खळखळून चूळ भरली. काही उपयोग झाला नाही.

तरी ती न्यालोंग्वेकडं गेली. न्यालोंग्वे दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी होती.

"माझं पोर तिकडं डोळे फिरवून पडलंय आणि तू माझं पीठ चाटायला आलीस? मी चोर आहे का?"

"चोर म्हटलं नाही. तुझी आणखी दोन पोरं आहेत, त्यांच्यासाठी म्हणते."

"माझ्या पोरांचं मी बघीन. तू तुझी शाळा बघ."

तिच्या मागं, आत, सुपानं झाकलेली परात दिसत होती. तिवोंगेला ती दिसली हे न्यालोंग्वेलाही दिसलं. तिनं दार लावून घेतलं.

तिवोंगे बांधावर बसली. ऊन दिसत नव्हतं, पण उजेड पिवळा पडत चालला होता. आणखी थोड्या वेळानं बायका चुलीपुढं बसतील. शेळी द्यावी लागेल, रविवारी उभं राहावं लागेल, नवरा मारील, सासू माहेरी धाडील. या सगळ्यापुढं एक परात पीठ फेकून देणं, तेही अशा दिवसांत, कुणाला सुचणार? प्रत्येकीच्या मनात हेच येणार की आपलं नसेल, दुसऱ्या कुणाचं असेल. दोष घ्यायला दुसरी कोणी मिळाली, तरच प्रत्येकीला आपलं पीठ गुपचूप फेकता येईल.

ती उठली. वेझीला नीट बांधून घेतलं आणि आंब्याच्या झाडाकडं गेली. म्होनेबाबा अजून तिथंच होते, चार-दोन पुरुष जमले होते.

"बाबा, सगळ्या बायकांना बोलवा. ते घर सापडलं."

कोणीतरी घंटेसारखा टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवला. माणसं जमली.  तिवोंगेनं झाडाला टेकून घेतलं.

"पीठ माझं होतं," ती म्हणाली.

"तुझं?" म्होनेबाबा.

"घरातलं संपलं होतं. भिजत घातलेला कसावा दाबून बघितला, अंगठा रुतत नव्हता. म्हटलं, काय होतंय. काढला, चुलीवर वाळवला, दळला आणि डब्यात टाकला. आणि एवढ्यावर थांबलं नाही. चार दिवसांपासून उसनं मागणाऱ्यांना तेच पीठ देत होते. कुणाकुणाला दिलं ते मला आता आठवत नाही. कुणाच्या घरातून पुढं कुणाच्या घरात गेलं तेही माहीत नाही. म्हणून सांगते, जिला आपल्या परातीविषयी जराही शंका असेल, तिनं आज ती परात पुरून टाका. तुमचा दोष नाही. माझा आहे."

एक म्हातारा थुंकला. "पोरं सांभाळते म्हणे!"

"पहिला घोट स्वतः खाल्ला, नि तरी वाढलंस?" गर्दीतून आवाज आला.

"वाढलं," तिवोंगे म्हणाली. तेवढं खरंच होतं.

न्यालोंग्वे जमिनीकडं बघत होती. तिवोंगेनं कुणालाच पीठ उसनं दिलं नव्हतं, हे तिला चांगलं माहीत होतं. 

"शेळी उद्या आणून बांध," म्होनेबाबा म्हणाले. "रविवारी उभी राहा. शाळा बंद. तो डबा माझ्या अंगणात आणून टाका."

दोन पुरुष डबा आणायला गेले. माणसं पांगली. अर्ध्या वाटेत एक बाई चालता चालता पळायला लागली, आपल्या घराकडं.

तिवोंगे किनाऱ्याकडून वर येणाऱ्या पायवाटेवर थांबली. एक कोळी जाळं खांद्यावर घेऊन येत होता. त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "जायरोसनं निरोप दिलाय. दोघांनी डोळे उघडले. आज तिथंच ठेवणार आहेत."

 वेझी पाठीवरून म्हणाली, "आजी, भूक लागली," आणि ते ऐकून तिवोंगेला रडू आलं.

मग तिनं टेकडीकडं बघितलं. रोज या वेळी तिथं घराघरावर धूर असतो, खाली दबलेला, एकमेकांत मिसळलेला. आज मधूनमधून जागा रिकाम्या होत्या. आधी तिला एकच घर शोधायचं होतं. आता बघावं तिकडं गार छप्परं होती. न्यालोंग्वेच्या घरावर धूर नव्हता. तिच्या शेजारी नव्हता. चर्चच्या पायरीवर भजनं म्हणणाऱ्या बाईकडं नव्हता. म्होनेबाबांच्या तीन झोपड्यांपैकी दोन झोपड्यांवर नव्हता. परसांतून कुदळीचे आवाज येत होते, घाईघाईचे, दबके. अर्ध्या गावानं अंगठा रुतायच्या आधी कसावा काढला होता, आणि सगळा दिवस प्रत्येक घर एकटंच घाबरून बसलं होतं.

आणि ओढ्यापलीकडं, केळीच्या मागं, धूर होता. जाड, पांढरा, नुकताच धरलेला.

तिवोंगेनं वेझीला पाठीवरून सोडवलं आणि समोर आलेल्या पहिल्याच बाईच्या हातात दिलं. "धर. हिला झोपू देऊ नकोस."

ती ओढ्याशी आली. पाणी थोडं उतरलं होतं, पण खडक अजून दिसत नव्हते. पाय घातला तसं पाण्यानं तो बाजूला ओढला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मध्यावर तिचा पाय सुटला आणि ती पाठीवर पडली. नाकात चिखल गेला. कुठलं तरी मूळ हाताला लागलं. ते धरून ती ओढत ओढत काठाला आली, गुडघ्यांवर चढली. एका पायाची वहाण गेली होती आणि नडगी सोलवटली होती.

डोरिकाच्या अंगणात चूल पेटली होती. भांड्यात उकड रटरटत होती आणि डोरिका दोन्ही हातांनी लाकडी उलथनं धरून ती घोटत होती. मोठी दोन पोरं हात धुऊन भांड्याकडं बघत बसली होती. लुसुंगू चटईवर आडवी होती.

"मावशी? ओढ्यातून आलीस?" डोरिका उठली. "बघ ना, ही सकाळपासून अशीच आहे. येताना पाठीवरच ओकली. मग नुसती झोपते. म्हटलं पोट रिकामं असेल, म्हणून आज उकड लवकर टाकली."

"खाल्लं का कुणी?"

"आता वाढणार, तू पण..."

तिवोंगेनं पायानं भांडं लोटलं. ते चुलीच्या दगडांवरून घरंगळलं आणि पांढरी उकड चिखलात पसरली. वाफ निघाली. मोठा पोरगा किंचाळला.

डोरिकानं उलथनं उगारलं. "वेडी झालीस? शेवटचं पीठ होतं ते! शेवटचं!"

"शाळेत पोरं पडली. कच्च्या कसाव्यानं. तुझंही..."

"माझं कशावरून? चाखलंस? सांग, चाखून सांग!"

"मला कळत नाही," तिवोंगे म्हणाली. "माझी जीभ गेली आहे, डोरिका. मला सगळंच कडू लागतंय. चांगलंही असेल. मला कळत नाही."

डोरिकाचा हात वरच राहिला. दोघांतला लहान पोरगा हातापायांवर उकडीकडं निघाला होता. तिवोंगेनं त्याला शर्टाला धरून मागं ओढलं, तसा तो तिच्या हाताला चावला. तिनं सोडलं नाही.

डोरिका सुपाशी गेली. त्यात तळाला थोडं पीठ चिकटलं होतं. तिनं बोट ओलं करून ते उचललं आणि जिभेवर ठेवलं. तिनं ते थुंकलं आणि बोट लुगड्याला घासून घासून पुसलं.

मग कुंपणाखालून तिच्या कोंबड्या आल्या. एवढं अन्न एकदम बघून त्या पंख पसरून धावल्या. डोरिका ओरडली, हातातलं उलथनं त्यांच्यावर फेकलं, लुगडं झटकत त्यांच्यामागं धावली. एक हाकलली की दुसरी यायची. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी ती गरम उकड चिखलासकट गोळा करायला लागली. हात भाजत होते तरी थांबत नव्हती.

"कुदळ कुठाय?" तिवोंगेनं विचारलं.

"दाराच्या मागं," डोरिका म्हणाली. "खोल खण, मावशी. आधी हिला पाणी पाज, मग खोल खण."

तिवोंगेनं लुसुंगूचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तिच्या ओठांना लावली. पाणी दोन्ही बाजूंनी ओघळलं. तिनं पुन्हा लावली. या वेळी पोरीचा गळा हलला.